त्रेसष्ट बंद बिळं

सरांच्या घरी मी रोज तीनला जायचे आणि पाचला निघायचे. आठ महिन्यांत एकदाही खाडा नाही. जिन्यात शेजारच्या बाई मला थांबवून म्हणायच्या, "पोटची मुलगी करणार नाही एवढं करता हो तुम्ही." मी हसून पुढे व्हायचे. त्यांना काय सांगणार? सेवा-बिवा काही नव्हती ती. मनाला काहीतरी खात होतं आणि ते मला तीन वाजता स्वतःच्या घरी बसू देत नव्हतं.

सर म्हणजे माझे जुने साहेब. आमचं खातं लहान प्राण्यांचं. खातंही लहान आणि प्राणीही लहान. मोठ्या जनावरांची मोजदाद करणारे आम्हाला सरळ उंदीरखातं म्हणतात. सरांनी त्या उंदीरखात्यात तीस वर्षं काढली, आणि निवृत्त झाल्यावरही खात्याने त्यांना सोडलं नाही. वाळूतल्या कुठल्याही मोजणीवर शेवटची सही त्यांची लागायची. फक्त ती सही कुठे करायची ते अलीकडे बोट धरून दाखवावं लागे, कारण सरांची नजर गेली होती. पूर्ण नाही. मधली गेली होती. "मला तुझे कान दिसतात," ते म्हणायचे, "तोंड दिसत नाही. बरंच आहे, तू थापा मारलेल्या कळायच्या नाहीत."

हे ते गमतीने म्हणायचे. मी घाईने विषय बदलायचे.

तीन ते पाच आम्ही त्यांचं पुस्तक तपासायचो. वाळूतल्या लहान प्राण्यांचं, तिसरी आवृत्ती. मी वाचायचे, ते दुरुस्त्या सांगायचे, मी लिहून घ्यायचे. प्रत्येक प्राण्याखाली दोनच मथळे: 'दिसतो कसा' आणि 'राहतो कुठे'. खात्याने एकदा सुचवलं होतं की 'बाह्यस्वरूप' आणि 'अधिवास' असं भारदस्त काहीतरी घाला. सर म्हणाले, "ज्याला उंदीर बघायचाय त्याला आधी शब्दकोश कशाला बघायला लावता?" विषय तिथेच संपला.

त्या गुरुवारी पाळी झुबक्याची होती.

झुबक्या हे सरांनी ठेवलेलं नाव. त्याचं शास्त्रीय नाव त्याच्या शेपटीपेक्षा लांब आहे. मी वाचलं: "दिसतो कसा. तुमच्या मुठीत मावेल. पाठ वाळूच्या रंगाची, पोट पांढरं. डोळे डोक्याच्या मानाने फार मोठे. पुढचे हात इतके लहान की हनुवटीखाली दुमडले की दिसतच नाहीत. मागचे पाय लांब, तळव्यांना दाट केस, त्यामुळे मऊ वाळूत रुतत नाही. चालत नाही, उड्या मारतो. शेपूट अंगाहून लांब आणि टोकाला काळा-पांढरा झुबका, तो उडी मारताना तोल सांभाळतो."

"छान," सर म्हणाले. "यातलं काही काढू नकोस. हे मी चांगल्या डोळ्यांनी बघितलेलं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पुढचं काढायचंय. काडीबाई, पेन घे."

मला काडीबाई का म्हणतात ते सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच आहे. झुबक्या दिवसभर बिळात झोपतो आणि झोपायच्या आधी बिळाचं तोंड आतून वाळूने बंद करतो. ऊन आत येऊ नये, साप आत येऊ नये. दिवसा तुम्ही तिथून गेलात तर तुम्हाला वाळूत एक बुजलेला खळगा दिसेल. तसाच खळगा सोडून दिलेल्या बिळाचाही दिसतो, तो वाऱ्याने बुजलेला असतो. फरक कळायला एकच उपाय. संध्याकाळी प्रत्येक तोंडावर एक बारीक काडी आडवी लावायची आणि उजाडताना परत यायचं. काडी पडली असेल तर कोणीतरी बाहेर जाऊन आलंय. नसेल तर घर रिकामं. एकोणीस वर्षं मी या काड्या लावत आले. आमचा ड्रायव्हर दरवेळी गाडी काढताना विचारायचा, "चला ताई, कोणाच्या काड्या करायच्या आज?"

पहिल्या दिवशी सर मला मागच्या पट्ट्यावर घेऊन गेले होते. कोरड्या ओढ्यापलीकडची ती घट्ट वाळूची जागा, खुरटी झुडपं, लांबून बघणाऱ्याला ओसाड माळ. सर गुडघ्यावर बसले, एका बंद तोंडावर त्यांनी तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि मला म्हणाले, "हळू बोल. बंद आहे म्हणजे घरात कोणीतरी आहे, असंच धरायचं. नाही हे काडीने सिद्ध करायचं."

मागचा पट्टा सरांचा लाडका. बाकीची सगळी जमीन आम्ही वाटून मोजायचो, पण तो पट्टा दरवर्षी ते स्वतः मोजायचे, एकटे. अठ्ठावन्न बिळं, सहासष्ट, एकसष्ट, असे तीस वर्षांचे आकडे. गेल्या वर्षी त्यांची नजर मोजण्यापुरतीही राहिली नाही आणि पट्टा पहिल्यांदा माझ्याकडे आला. त्याच वर्षी एका कंपनीला तिथे गोदामं बांधायची होती, आणि खात्याने सांगितलं होतं की राहती बिळं निघाली तर परवानगी नाही.

मी काय केलं ते आता सांगते. दोन गोष्टी केल्या. त्यातली पहिली आधी सांगते, कारण ती सांगायला सोपी आहे.

मोजणीच्या आधी मी नवे बूट घेतले होते. जुने चांगले होते, पण मला नवे हवे होते, दुकानाच्या काचेत लावलेले, तपकिरी, लेसवाले. पाच दिवसांत दोन्ही टाचांना फोड आले. सहावा दिवस मागच्या पट्ट्याचा. संध्याकाळी जाऊन काड्या लावायच्या, पहाटे परत जायचं, असं ठरलं होतं. मी भर दुपारीच गेले, लवकर सुटावं म्हणून. दोन दिवस वारा सुटला होता आणि सगळी तोंडं सारखीच बुजलेली होती. लंगडत लंगडत मी मोजली. त्रेसष्ट. खिशातल्या वहीत लिहिलं, 'बंद ६३'. मग गाडीत येऊन बसले, बूट काढले, आणि संध्याकाळपर्यंत थांबायचं माझ्या जिवावर आलं. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, काड्या?" मी म्हटलं, "इथे काही नाही रे. सगळं सोडलेलं आहे. चल."

तक्त्यात 'पडलेल्या काड्या' या रकान्यात मी शून्य लिहिलं. खोटं नव्हतं ते. एकही काडी पडली नव्हती. लावलीच नव्हती. 'सोडलेली बिळं' या रकान्यात त्रेसष्ट लिहिले आणि सरांचं बोट धरून सहीच्या जागेवर नेलं.

सही करण्याआधी त्यांनी एवढंच विचारलं होतं, "एकही नाही?"

"एकही नाही, सर."

"तू बघितलंस ना डोळ्यांनी?"

"हो सर."

"मग झालं," म्हणाले, आणि सही केली.

एका फोडापायी हे सगळं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याला उभा-आडवा झाडला असता.

तर त्या गुरुवारी सरांनी मला पेन घ्यायला सांगितलं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, बाजूच्या पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सर खुर्चीत ताठ बसले होते आणि हे बोलणं त्यांनी मनात बऱ्याचदा घोळवलेलं दिसत होतं.

"'राहतो कुठे' मध्ये मागच्या पट्ट्याचा तक्ता आहे. तीस वर्षांचा. तो सबंध काढ. आणि तळाला टीप घाल. लिही: लेखकाच्या स्वतःच्या नोंदी, विशेषतः शेवटच्या वर्षांतल्या, त्याची नजर अधू झाल्यानंतरच्या आहेत. ताज्या मोजणीत तिथे एकही राहतं बीळ आढळलं नाही. सबब त्या नोंदी खऱ्या धरू नयेत."

माझं पेन हललंच नाही.

"लिहिलंस?"

"सर, शेवटची वर्षं ठीक. पण तीसच्या तीस कशाला?"

"कारण मला आता कुठून चुकायला लागलो ते कळत नाहीये." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून तो जास्त लागला. "पट्ट्यावर साठ बिळं असतील तर एका वर्षात शून्य होत नाहीत. तू शून्य मोजलंस. म्हणजे आधीच साठ नव्हती. वाऱ्याने बुजलेल्या खळग्यांना मी घरं समजत होतो. हौसेने मोजणाऱ्याला जास्तच दिसतं. आणि त्या पट्ट्यात चुकलो तर बाकी पुस्तकात चुकलो नसेन कशावरून? मी हिला म्हटलं, आवृत्तीच थांबवू या का."

"चार रात्री झोपलेले नाहीत," काकू घडी घालता घालता म्हणाल्या. "मी म्हटलं, अहो, तुमच्या डोळ्यांना नावं ठेवा हवी तर, त्या पोरीला तरी विचारा. तिचे डोळे चांगले आहेत."

"तिने बघितलंय ना," सर म्हणाले. "तेच तर सांगतोय."

झुबक्यापर्यंतची पानं छापखान्याला शुक्रवारी द्यायची होती. म्हणजे दुसऱ्या दिवशी. एक दिवस वेळ मारून नेली असती तर टीप छापली गेली असती, तीस वर्षं पुसली गेली असती आणि माझ्याकडे कोणी बोटही दाखवलं नसतं. खोटं कशाला बोलू, हा विचार माझ्या मनात आला. चांगला दोन मिनिटं राहिला. मग सरांनी चष्मा काढला, नसलेल्या नजरेवरचा तो चष्मा, आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले. एवढी मेहनत घेऊन ते काच पुसत होते, आणि माझ्याच्याने बघवेना.

"सर," मी म्हटलं, "मी काड्या लावल्या नव्हत्या."

चष्मा थांबला.

"मागच्या पट्ट्यावर मी दुपारी गेले होते. पायाला फोड आले होते. संध्याकाळी गेले नाही, पहाटेही गेले नाही. त्रेसष्ट तोंडं होती, सगळी बंद. मी ती सोडलेली म्हणून लिहिली. मला माहीत नव्हतं ती कसली आहेत. माहीत करून घेतलं नाही."

मला वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण सरांचा चेहरा बघता बघता उजळला. खरंच उजळला. ते खुर्चीच्या कडेवर आले.

"त्रेसष्ट?"

"हो."

"नक्की त्रेसष्ट? मोजली होतीस?"

"वहीत आहे. पिशवीतच आहे वही."

"अगं ऐकलंस का!" ते काकूंच्या दिशेने वळून जवळजवळ ओरडलेच. "त्रेसष्ट! त्याच्या आधीच्या वर्षी मला एकसष्ट मिळाली होती. दोन वाढली! होते ते तिथे. माझे डोळे ठीक होते गं, मी बरोबर मोजत होतो!" आणि ते हसले, हातातला चष्मा मांडीवर आपटत हसले. आठ महिन्यांत मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. माझ्या मूर्खपणाने त्यांना एवढा आनंद दिला होता, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकूंच्या हातात अर्धी घडी घातलेला टॉवेल होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माझं तोंड दिसत होतं.

"होते म्हणजे?" त्या म्हणाल्या. "आता कुठे आहेत?"

सरांचं हसू एकदम गेलं नाही. थोडा वेळ तोंडावर तसंच राहिलं, कारण प्रश्न अजून आत पोचायचा होता. मग पोचला.

"कंपनीने जमीन सपाट केली तेव्हा किती वाजता सुरू केलं त्यांनी?" त्यांनी मला विचारलं.

"दहा वाजता."

"सकाळी?"

"हो सर."

"दहाला ते आत असतात," सर म्हणाले. कोणाला सांगत होते ते कळलं नाही. "झोपलेले असतात."

मग त्यांनी हात वर केला, आम्हाला शिकवताना एखादा मुद्दा आठवल्यावर करायचे तसा. "पण मागचं दार आहे. त्यांना मागचं दार असतं, काडीबाई. बिळाचं एक टोक जमिनीच्या अगदी खाली आणून ठेवतात, वर पापुद्र्याएवढी वाळू. संकट आलं की डोक्याने फोडून बाहेर. हादरे बसल्यावर काही तरी निघाले असतील. तू होतीस ना तिथे?"

होते. हद्द दाखवायला खात्याने मलाच पाठवलं होतं. आणि हीच ती दुसरी गोष्ट.

"एखादा निघालेला बघितलास?"

"एक," मी म्हटलं.

"बघ!"

"रोलर सुरू झाला आणि माझ्यापासून पाच-सहा पावलांवर वाळू वर उडाली. तो बाहेर आला. उन्हात. मागच्या पायांवर उभा राहिला, हात हनुवटीखाली. झुबका हलत होता. रोलरवाल्याने मशीन थांबवलं आणि मला विचारलं, 'मॅडम, हे काय होतं? काही आहे का खाली?'" इथपर्यंत मी सरळ बोलले. पुढे जीभ रेटेना. "काम थांबवायचा अधिकार माझ्याकडे होता, सर. पत्रच होतं खिशात. थांबवलं असतं तर मोजणी खोटी निघाली असती. मी म्हटलं, 'काही नाही. चुकून आलाय एखादा. चालू द्या.'"

काकूंनी टॉवेल पलंगावर ठेवला आणि आत निघून गेल्या. स्वयंपाकघरात नळ सुरू झाल्याचा आवाज आला, तो बराच वेळ सुरूच राहिला.

सरांनी विचारलं, "तो कुठल्या बाजूला गेला?"

"ओढ्याकडे."

"ओढ्याकडे बरं आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "वही दे."

मी ते पान उघडून वही त्यांच्या मांडीवर ठेवली, आणि आकडा कुठे आहे ते कळावं म्हणून त्यांचं बोट तिथे नेलं. सहीच्या वेळी नेलं होतं तसंच. त्यांनी बोट सोडवून घेतलं आणि पानावर सबंध तळहात ठेवला, अलगद. त्या पट्ट्यावर पहिल्या दिवशी बंद तोंडावर ठेवला होता तसा. वाचता तर येत नव्हतंच. नुसता ठेवून बसले. मला रडू येत होतं, पण रडायचा हक्क आपल्याला नाही एवढी अक्कल शिल्लक होती.

"तक्ता राहू दे," शेवटी ते म्हणाले. "टीप बदल. लिही." आणि त्यांनी न अडखळता सांगितलं, "'मागच्या पट्ट्यावर शेवटच्या मोजणीत त्रेसष्ट बिळं होती. मोजणाऱ्यांनी ती रिकामी धरली. ती राहती होती. तो पट्टा आता नाही.'"

मी लिहिलं. मग म्हटलं, "सर, मोजणाऱ्यांनी नाही. मी एकटीच होते. माझं नाव घाला."

"सही माझी आहे."

"पण सर—"

"मी विचारलं होतं, एकही नाही का? तू म्हणालीस, नाही. काड्या कधी लावल्या, पहाटे किती वाजता गेलीस, हे मी विचारायला हवं होतं. दुसऱ्या कोणालाही विचारलं असतं. तुला विचारलं नाही." त्यांनी वही मिटली, मला परत दिली नाही, स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवली. "वाच टीप."

मी वाचली. चार वाक्यं. ऐकून त्यांनी मान हलवली.

पाच वाजायला अजून वीस मिनिटं होती. काकू बाहेर आल्या नाहीत. रोज साडेचारला येणारा चहाही आला नाही. मी पानं जुळवली, पाकिटात घातली, छापखान्याचा पत्ता लिहिला, आणि उठावं की बसावं ते न कळून तशीच बसून राहिले. सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांना त्या खिडकीची फक्त चौकट दिसत असणार.

"अजून चार प्राणी तपासायचे बाकी आहेत," ते म्हणाले. "या उद्या. तीनला."

एकोणीस वर्षांत ते मला कधी 'या' म्हणाले नव्हते. मी "हो सर" म्हटलं, दाराशी जाऊन चपला घातल्या, आणि जिना उतरताना शेजारच्या बाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "आज लवकर निघालात?"